कायमचा पत्ता

आगरदांड्याच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर दिघी दिसते. मध्ये राजपुरीची खाडी. फेरीबोट सुटली की माणसे, मोटारसायकली, मासळीच्या पाट्या, एखादी लग्नाची गाडी, सगळे थोड्याच वेळात पलीकडे. हीच मजल रस्त्याने गाठायची म्हटले तर खाडीला भलामोठा वळसा पडतो. माझी धाकटी बहीण लग्न होऊन या गावात आली, त्याला अठ्ठावीस वर्षे झाली. तेव्हापासून पावसाळा सरता सरता चार दिवस तिच्याकडे जायचे, असा माझा परिपाठ आहे. सुक्या बोंबलाची चटणी, तांदळाची भाकरी आणि रात्री ओटीवर बसून गप्पा. यंदा मात्र या गप्पांत एक वेगळाच विषय निघाला आणि चारही दिवस तोच पुरला.

भाची एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय अर्थशास्त्र. घराण्यातली एवढी शिकलेली ती पहिलीच मुलगी. एसटीने कॉलेजला जाते, एसटीने येते आणि अभ्यास रात्री घरी करते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारीचे अर्थकारण कसे बदलले, यावर तिला प्रकल्प लिहायचा होता. सरांनी व्हॉट्सअॅपवर अकरा लेखांची यादी पाठवली होती आणि नऊ लेखांपुढे निळ्या अक्षरांत लिंकही दिली होती. प्रकल्प देण्याची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. मोबाईलला रेंज मिळते त्या खिडकीच्या कोपऱ्यात बसून तिने लिंका उघडायला घेतल्या आणि एकही उघडेना. सहा ठिकाणी ‘युवर सेशन हॅज एक्स्पायर्ड’ असा संदेश आला. तीन ठिकाणी लेखाचे नाव दिसले, दोन-चार ओळी दिसल्या आणि खाली डॉलरमधली किंमत दिसली.

‘‘मामा, बघ ना. लेख एक्स्पायर झाले म्हणतात. मी काही चुकीचं दाबलं का?’’

एक्स्पायर हा शब्द तिच्या आईला औषधाच्या बाटलीवरून ठाऊक. ती आतून म्हणाली, ‘‘मग जुने असतील. सरांना म्हणावं, ताजे द्या.’’

मला हसू आले, पण मनात थोडे टोचलेही. माझी सारी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. शेवटच्या दहा-बारा वर्षांत पुस्तकांच्या कपाटांबरोबर हे अदृश्य कपाटही आमच्या ताब्यात आले होते. ग्रंथालय वर्गणी भरते आणि त्या बदल्यात जगभरच्या नियतकालिकांतील लेख संगणकावर वाचायला मिळतात. आम्ही त्याला सुटसुटीतपणे ‘डेटाबेस’ म्हणत असू. अशा लेखांच्या लिंकांची एक सुबक यादी मी स्वतः छापून फलकावर लावली होती. मुले ती उतरवून नेत. आठवडाभराने एका मुलाने येऊन सांगितले, ‘‘सर, यातली एकही चालत नाही.’’ तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की आपण पत्ता म्हणून जे लिहिले ते पत्ते नव्हतेच.

मग ते काय होते? भाचीला मी धक्क्यावरच्या तिकिटाचे उदाहरण दिले. आज सकाळच्या बोटीचे तिकीट तू जपून ठेवलेस आणि पुढच्या महिन्यात दाखवलेस, तर बोटवाला तुला चढू देईल का? तिकिटावर आगरदांडा लिहिले आहे, दिघी लिहिले आहे, सगळे खरे आहे. पण ते तिकीट त्या फेरीपुरते होते. डेटाबेसमध्ये आपण शिरतो तेव्हा तिथला संगणक आपल्याला असेच एक तिकीट फाडून देतो. हा वाचक अमुक वाजता आला, याने अमुक शब्द टाकून शोध घेतला, यादीतला सातवा लेख उघडला. ही सारी नोंद कित्येकदा वरच्या पट्टीतल्या लांबलचक पत्त्यातच गुंफलेली असते. आपण बाहेर पडलो, किंवा बराच वेळ काही न करता बसलो, की ते तिकीट रद्द होते. सरांनी नेमकी तीच ओळ उचलून मुलांना पाठवली. त्यांच्या संगणकावर ती त्या क्षणी चालत होती, म्हणून त्यांनाही संशय आला नाही. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? लेख समोर दिसतो आहे, वर पत्ता दिसतो आहे. तो पत्ता लेखाचा नसून भेटीचा आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

सरकारी अर्जांवर दोन रकाने असतात. ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’. मुंबईत चाळीस वर्षे काढलेला कोकणी माणूससुद्धा दुसऱ्या रकान्यात गावाचे नाव लिहितो. परळची खोली जाईल, डोंबिवलीचा फ्लॅट येईल, पण गावच्या पत्त्यावर टाकलेले पत्र कुणी ना कुणी आपल्यापर्यंत पोचवील, असा त्यामागे भरवसा असतो. लेखांच्या बाबतीतही हे दोन रकाने आहेत. पट्टीत दिसतो तो सध्याचा पत्ता. कायमचा पत्ता पानावरच दुसरीकडे दिलेला असतो. तो शोधावा लागतो. कुठे त्याला ‘पर्मालिंक’ म्हणतात, कुठे ‘स्टेबल यूआरएल’. कुठे साखळीच्या दोन कड्यांचे चित्र असते, तर कुठे ‘शेअर’ नाहीतर ‘साइट’ या बटणाखाली तो दडवलेला असतो. नावे निरनिराळी, काम एकच.

इंटरनेटवरचे पत्ते मरतात, ही तक्रार इंटरनेटइतकीच जुनी आहे. ज्या टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब उभे केले, त्यांनीच १९९८ साली एक छोटे टिपण लिहून सांगितले होते, की चांगले पत्ते बदलत नसतात. माणसे ते बदलतात. त्यांचे म्हणणे फारसे कुणी मनावर घेतले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आधार म्हणून दिलेल्या इंटरनेटवरच्या पत्त्यांचा हार्वर्डच्या अभ्यासकांनी शोध घेतला. त्यांचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे निम्म्या पत्त्यांवर मूळ मजकूर सापडत नव्हता. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. न्यायालयाच्या निकालाची ही गत, तर व्हॉट्सअॅपवरच्या यादीची काय कथा!

यावर उपाय म्हणून जे निघाले त्याची कल्पना मात्र नवी नाही. आगरदांड्याच्या याच खाडीने आत, मांदाडच्या बाजूला गेले की कुड्याची लेणी लागतात. दगडात कोरलेले ब्राह्मी लेख आहेत. कुणी माळ्याने, कुणी व्यापाऱ्याने, कुणी राजघराण्यातल्या माणसाने दान दिल्याचे. हाइनरिश ल्यूडर्स नावाच्या जर्मन पंडिताने भारतातल्या अशा ब्राह्मी लेखांची यादी करून १९१२ साली छापली आणि प्रत्येक लेखाला एक क्रमांक दिला. कुड्याच्या लेखांनाही त्यात क्रमांक मिळाले. पुढे जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झाले, ज्या कुलाबा जिल्ह्यात ते गेले त्याचे १९८१ साली रायगड झाले, नवी वाचने आली, नवी पुस्तके आली. पण अभ्यासक अजून ल्यूडर्सचा क्रमांक सांगतात आणि दुसऱ्याला नेमका तोच लेख सापडतो. राज्य कुणाचे, जिल्हा कुठला, याच्याशी त्या क्रमांकाला काही देणेघेणे नाही.

आणि नावांचा भरवसा धरावा तर हा मुलूखच पाहा. बखरींत दंडा-राजपुरी, संस्थानी कागदांत हबसाण, इंग्रजांच्या दप्तरात जंजिरा आणि एसटीच्या पाटीवर मुरुड. इंग्रजी स्पेलिंगे तर विचारूच नका. नावाने शोधू जाणारा माणूस निम्म्या वाटेवर अडखळतो. आपल्या टपाल खात्यालाही एकाच नावाच्या गावांनी असेच सतावले होते. त्यातून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्यामागची बुद्धी होती श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवी. पण पिनकोड जागेचा असतो. घर बदलले की तो बदलतो. लेखाला हवा होता तो मोबाईलसारखा क्रमांक. २०११ च्या जानेवारीपासून देशभर आपल्याला कंपनी बदलूनही जुनाच नंबर ठेवता येऊ लागला, तसा.

तो क्रमांक म्हणजे डीओआय, डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर. प्रत्येक डीओआयची सुरुवात १० या आकड्याने होते. मग एक टिंब, मग प्रकाशकाला दिलेला आकडा, मग तिरकी रेघ आणि पुढे त्या लेखाची खूण. हा क्रमांक ‘डीओआय डॉट ओआरजी’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन लिहिला, की वाचक थेट लेखाशी पोचतो. मधे घडते ते असे. एका मोठ्या नोंदवहीत क्रमांकापुढे लेखाचा सध्याचा पत्ता लिहिलेला असतो. वाचक क्रमांक घेऊन आधी नोंदवहीकडे जातो आणि नोंदवही त्याला सध्याच्या पत्त्यावर धाडते. प्रकाशकाने घर बदलले, तर त्याने नोंदवहीत नवा पत्ता लिहायचा. वाचकाच्या हातातला क्रमांक तोच राहतो. या रचनेखाली जी यंत्रणा आहे ती रॉबर्ट कान यांच्या संस्थेने उभारली. इंटरनेटवर संगणकांनी एकमेकांशी कसे बोलायचे, याचे नियम ज्या दोघांनी घालून दिले त्यांतले हे एक. विद्वत्तापूर्ण नियतकालिकांच्या प्रकाशकांनी २००० साली क्रॉसरेफ नावाची संस्था काढली, तेव्हापासून हे क्रमांक सर्रास मिळू लागले. २०१२ मध्ये या पद्धतीला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यताही मिळाली.

याचा उपयोग किती, ते समोरच्या किल्ल्यावरूनच सांगतो. जंजिऱ्याच्या सिद्दी सरदारांवर फाएजा जसदनवाला यांचा एक लेख २०११ साली ‘आफ्रिकन अँड एशियन स्टडीज’ या नियतकालिकात आला. आगरदांड्यापासून जवळच असलेल्या या पाणकोटाचा इतिहास. पण तो छापला हॉलंडमधल्या लायडनच्या ब्रिल या कंपनीने. ही कंपनी १६८३ सालची. म्हणजे संभाजीराजांनी जंजिऱ्याला वेढा घातला त्याच्या दुसऱ्या वर्षीची! तीनशे चाळीस वर्षे स्वतंत्रपणे उभी असलेली ही कंपनी २०२४ साली बर्लिनच्या द ग्रॉयटर या कंपनीबरोबर एक झाली. अशा वेळी दुकानाची पाटी बदलते, संकेतस्थळ बदलते, जुने पत्ते विस्कटतात. ज्याच्या वहीत लेखाचा डीओआय असेल, त्याला ही उलथापालथ झाल्याचे कळायचीही गरज नाही.

सगळ्याच लेखांना डीओआय नसतो. मुंबईतून १९६६ पासून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ घ्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याच्यावाचून गत्यंतर नाही आणि भाचीच्या यादीतले चार लेख त्यातलेच होते. त्याचे जुने अंक ‘जेस्टोर’ या संग्रहात आहेत. जेस्टोर १९९५ साली अमेरिकेत सुरू झाले, तेही एका साध्या अडचणीतून. नियतकालिकांच्या बांधीव खंडांनी ग्रंथालयांच्या फळ्या भरून वाहू लागल्या होत्या आणि नव्या इमारती बांधणे परवडत नव्हते. तिथे प्रत्येक लेखाच्या पानावर ‘स्टेबल यूआरएल’ असतो. छोटासा पत्ता आणि शेवटी एक आकडा. आपल्याकडच्या पीएच.डी.च्या प्रबंधांचेही असेच. ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध आहेत आणि प्रत्येकाला ‘हँडल’ नावाचा क्रमांक आहे, १०६०३ ने सुरू होणारा. तो उतरवून घ्यावा. पट्टीतली लांबलचक ओळ घेऊ नये.

पहिल्या रात्री आमचे एवढे झाले. सहा मेलेल्या लिंकांपुढे लेखांची नावे होती. भाचीने ती एकेक करून शोधली आणि चारांचे स्टेबल यूआरएल व दोघांचे डीओआय वहीत लिहिले. पत्ते जिवंत झाले. तिने आनंदाने पहिला दाबला आणि पुन्हा चेहरा पडला. लेखाचे पहिले पान दिसत होते, पुढे कुलूप.

पत्ता कायमचा असला म्हणून दार उघडे असते असे नाही. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. तिच्या यादीतल्या उरलेल्या तीन लिंका मुळात बरोबरच होत्या. अडचण दाराची होती. कॉलेजच्या संगणकावर लेख आपोआप उघडतो, कारण डेटाबेसच्या दारावरचा पहारेकरी माणसाला ओळखतच नाही. तो कॉलेजच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक ओळखतो. हा क्रमांक वर्गणीदार कॉलेजचा आहे, येऊ द्या. घरच्या मोबाईलवरून गेले की क्रमांक अनोळखी. मग तुम्ही त्याच कॉलेजचे विद्यार्थी असा की प्राचार्य असा, पहारेकरी पैसे मागतो.

१९९९ साली अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, एका साध्याशा कॉलेजातल्या ख्रिस झगार या ग्रंथपालापुढे हाच प्रश्न होता. मुले घरून अभ्यास करणार, डेटाबेस कॉलेजातच उघडणार. त्याने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला ‘ईझी प्रॉक्सी’ नाव दिले. युक्ती सोपी होती. वाचकाने थेट डेटाबेसकडे न जाता आधी ग्रंथालयाच्या संगणकाकडे जायचे, आपली ओळख पटवायची. मग तो संगणक वाचकाच्या वतीने दार ठोठावतो. पहारेकऱ्याला कॉलेजचाच क्रमांक दिसतो. त्यासाठी लेखाच्या कायमच्या पत्त्याआधी ग्रंथालयाचा एक ठरावीक तुकडा जोडायचा. जगभरच्या ग्रंथालयांनी ही युक्ती उचलली. ज्या ग्रंथालयात ही सोय आहे, तिथे लिंक टिकाऊ करायची म्हणजे दोन गोष्टी हव्यात. लेखाचा कायमचा पत्ता आणि त्याच्या आधी ग्रंथालयाचा तुकडा. एक असून दुसरे नसेल तर वाचक घराच्या दाराशी तरी अडतो किंवा चुकीच्या घरी तरी जातो.

आपल्याकडच्या कॉलेजांसाठी वाट थोडी निराळी आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राने २०१० साली ‘एन-लिस्ट’ योजना आणली. त्यात सामील झालेल्या कॉलेजचा ग्रंथपाल प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने आयडी आणि पासवर्ड काढून देऊ शकतो. त्यानिशी घरून, गावाहून, कुठूनही आत शिरता येते. आता गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी भाचीने ग्रंथालयात जाऊन विचारले, तर तिच्या नावाचा आयडी पहिल्या वर्षापासून तयार होता. तिच्या जुन्या ई-मेलवर तो पाठवलेलाही होता. ती ई-मेल उघडतच नव्हती. सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर. ग्रंथपालबाईंनी नवा पासवर्ड करून दिला आणि म्हणाल्या, ‘‘वर्षाकाठी चार-पाच मुलं येतात गं विचारायला. बाकीच्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच.’’

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके. ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. लाभ सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना होईल, असा सरकारी अंदाज आहे. आकडे छाती दडपवणारे आहेत आणि योजना चांगलीच आहे. पण एवढे मोठे दार उघडल्यावर आत जाणारी वाट वर्गापर्यंत पोचायला हवी, आणि ती वाट शेवटी कुणा शिक्षकाने पाठवलेल्या लिंकेतूनच जाते. ती लिंक तासाभरात मरणारी असेल, तर आगरदांड्याच्या खिडकीत बसलेल्या मुलीला सहा हजार कोटींतले काय दिसणार? ‘युवर सेशन हॅज एक्स्पायर्ड’ एवढेच.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सरांनी लेखाची पीडीएफच पाठवावी की! बहुतेक ठिकाणी हेच चालते आणि अडल्या वेळी मीही ते केले आहे. भारतीय कायदा शिकवण्यासाठी प्रती काढण्याच्या बाबतीत बराच उदार आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध बड्या प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला होता. पण डेटाबेसची वर्गणी भरताना ग्रंथालयाने वेगळा करार केलेला असतो, आणि त्यात फायली वाटण्यावर बंधने असू शकतात. ती ग्रंथपालाला विचारून घ्यावीत. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. लिंकेवरून लेख उघडला की ग्रंथालयाच्या खात्यात एक वापर मोजला जातो. पीडीएफ एकदा उतरवली आणि साठ जणांना पाठवली, तरी मोजणीत एकच. वर्षअखेरीला वर्गणी पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवताना हाच आकडा टेबलावर येतो. ‘कुणी वाचत नाही’ म्हणून बंद झालेल्या वर्गण्या मी पाहिल्या आहेत. वाचणारे होते, ते मोजणीत नव्हते.

दुसरी खोड छोट्या पत्त्यांची. लांब ओळ नको म्हणून ती एखाद्या सेवेवरून आखूड करून पाठवायची. दिसते छान, पण आता तुमचा पत्ता आणखी एका कंपनीच्या मर्जीवर जगू लागला. गूगलसारख्या कंपनीनेसुद्धा आपली अशी सेवा २०१९ साली नव्या पत्त्यांसाठी बंद केली. आणि मरणाऱ्या ओळीला आखूड केले म्हणून ती जगत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मी भाचीला एक साधी परीक्षा शिकवली. लिंक कुणाला पाठवण्याआधी सगळे बंद करायचे. मग दुसऱ्याच फोनवर, कॉलेजच्या वाय-फायवर नव्हे तर मोबाईलच्या डेटावर ती उघडायची. लेख आला, किंवा आयडी-पासवर्ड विचारून मग आला, तर ठीक. आणि लिंक कितीही पक्की असली तरी तिच्या शेजारी लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, अंक, पृष्ठे हे जुन्या पद्धतीने लिहायचेच. त्या सहा मेलेल्या लिंकांतून आम्ही लेख शोधू शकलो, ते सरांनी शीर्षके लिहिली होती म्हणून. नुसत्या निळ्या ओळी असत्या तर हात टेकावे लागले असते.

डीओआयचेही मी फार पोवाडे गाणार नाही. नोंदवही तेव्हाच खरी, जेव्हा कुणी ती राखतो. प्रकाशक बुडाला, नवा पत्ता कुणी लिहिला नाही, तर क्रमांक उरतो आणि लेख जातो. मार्टिन ईव्ह या इंग्रज संशोधकाने ७४ लाखांहून अधिक डीओआय तपासून २०२४ च्या आरंभी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी जवळजवळ २८ टक्के लेख सुरक्षित जतन करणाऱ्या कुठल्याही मोठ्या संग्रहात असल्याचे आढळले नाही. आज ते प्रकाशकाच्या जागी वाचता येतात. उद्या तो प्रकाशक नसला तर काय, याची तजवीज दिसत नाही. घराण्याचा कायमचा पत्ता अर्जावर लिहिलेला आहे, पण गावचे घर कुणी शाकारत नाही, अशी ती स्थिती.

आणि मराठीचे काय? तिसऱ्या रात्री आम्ही यादीतल्या शेवटच्या दोन लेखांकडे वळलो. ते दोन मराठी होते. त्यांच्यापुढे लिंक नव्हतीच. मासिकाचे नाव आणि वर्ष, बस. आपल्या बहुतेक मराठी नियतकालिकांतील लेखांना डीओआय नाही, स्टेबल यूआरएल नाही, कुठल्या डेटाबेसमध्ये जागा नाही. नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे जो मराठी मजकूर इंटरनेटवर चढला, तो ज्याच्या-त्याच्या फाँटमध्ये. त्यांतले काही पत्ते आज उघडतात, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. पत्ता शाबूत, दार उघडे आणि आत बोलणारा माणूस वेगळ्याच भाषेत बोलतो आहे! युनिकोड आल्यावर हा घोळ थांबला. मागचे मात्र तसेच राहिले.

आपल्याकडे मुळात ही दृष्टी नव्हती असे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती म्हणावी अशा जिद्दीने केली. पुढे १९५० पर्यंतची केली. नियतकालिकांच्या सूचीचेही मोठे काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. जुनी पुस्तके हाताळणारा माणूस अजून ‘दाते सूचीत पाहा’ असे म्हणतो. कागदाच्या काळात एका माणसाने जे केले, त्याची पुढची पायरी संगणकाच्या काळात आपण चढलेलो नाही. एखाद्या मासिकाने ठरवले तर आपल्या लेखांना क्रमांक देणे काही अवघड नाही. क्रॉसरेफची वर्गणी लागते, पण त्याहून जास्त लागते ती घर बदलताना नोंदवही दुरुस्त करण्याची शिस्त.

चौथ्या दिवशी सकाळी मी निघालो. भाचीचे नऊ लेख वाचून व्हायचे होते, पण उघडत होते. तिने दुरुस्त केलेली यादी सरांना पाठवली होती. सरांनी ती वर्गाच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिले, ‘जुनी यादी रद्द समजावी.’ मग त्यांचा खास तिला वेगळा संदेश आला. इतर दोन वर्गांच्या याद्याही तपासून देशील का?

उरलेल्या दोन मराठी लेखांसाठी तिला दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचे होते. आत्याकडे मुक्काम ठरला होता. पण नुसते वर्ष घेऊन गेले तर बारा अंक चाळावे लागतील, म्हणून आधी फोन करून महिना आणि पृष्ठे मिळतात का ते बघ, असे मी सुचवले.

‘‘आणि सापडले की मामा, मी काय लिहू? लिंक तर नाही त्याला.’’

‘‘सगळं लिही. मासिक, वर्ष, महिना, अंक, पान. आणि कुठल्या ग्रंथालयात बघितलास तेही.’’

एसटी वळणावर आली, तेव्हा ती वहीच्या मागच्या पानावर रकाने आखत होती.